रेडिओवरची भाकर

तानाबाईला किळस अशी कशाची कधी आलीच नव्हती. नवऱ्याच्या वेळेपासून गावातली मेलेली ढोरं ओढून नेण्याचं काम त्यांच्या घराकडे होतं. फुगलेला बैल, त्याच्यावर घोंगावणाऱ्या माशा, वैशाखातला तो दर्प, हे सगळं तिनं पदर नाकाला न लावता सोसलं होतं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव वर्धा नदीत सोडले, आणि त्या कामावरही तिनं पाणी सोडलं. पण तेसुद्धा किळस आली म्हणून नव्हे. सरपंच बाबारावांच्या दारात उभी राहून तिनं सरळ सांगितलं होतं की आता आमी हे करत नाई, ज्याचं ढोर त्यानं ओढावं. अशी ही बाई. आणि पुढं दोन वर्षांनी गांधीजयंतीच्या दिवसापासून तिच्या पोटात जे ढवळायला लागलं, ते कितीतरी दिवस थांबेना. समोरचं अन्न बघितलं की तिला मळमळायचं.

तिचं गाव पिंपळधरा. नाचणगावाहून कोसभर. वारा तिकडून असला की पुलगावच्या कापड गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. गावात बाबाराव म्हणजे सर्व काही. पूर्वी ते मालगुजार होते, मालगुजारी गेली तेव्हा सरपंच झाले. माणूस तोच, ओसरी तीच, समोरच्या लोकांनी उभं राहायची जागाही तीच. त्यांच्या घरापुढे गावची मोठी विहीर होती, बाराही महिने भरलेली. पूर्वी महारपुऱ्यातल्या बाया विहिरीच्या पायथ्याशी घागरी मांडून उभ्या राहायच्या आणि एखादीला दया आली की ती वरून पाणी ओतायची. पुरा बौद्ध झाला, ढोरं ओढणं बंद झालं, आणि त्यासरशी वरून ओतणंही बंद झालं. बाया नाल्यात झिरा खोदून वाटी वाटीनं पाणी भरू लागल्या. पावसाळ्यात ते पाणी लालभडक यायचं.

त्याच सुमारास सरकारनं गावाला रेडिओ दिला. सगळ्या गावासाठी म्हणून दिला, पण ठेवला बाबारावांच्या ओसरीवर. निंबापासून आढ्यापर्यंत तार ताणली. गावकरी ओसरीवर आणि अंगणात बसून ऐकायचे. बौद्धपुऱ्यातल्या माणसांनी भिंतीबाहेर, उकिरड्याच्या अंगाला उभं राहून ऐकायचं. तानाबाईला तरीही त्या पेटीचं मोठं कौतुक होतं. ऐकणारा कोण, कुठला, हे न विचारता तो लांबचा माणूस सगळ्यांशी सारखंच बोलतो, हे तिला फार आवडायचं. पेटीतल्या माणसानं बियाण्याबद्दल काही सांगितलं की ती बाहेरून "हो बापा" म्हणायची. दोघंचौघं हसायचे. ती काही मनावर घ्यायची नाही.

भादव्यात एक दिवस विकास खात्याच्या जीपमधून वर्ध्याचे कार्यकर्ते प्रभाकरराव गावात आले. स्वच्छ खादी, मऊ आवाज, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघायची सवय. गांधीजयंतीला रेडिओवर दिवसभर भाषणं व्हायची होती, त्यात त्यांचंही एक होतं, आणि त्यासाठी ते खेडोपाडी हिंडत होते. बाबाराव त्यांना पुऱ्याच्या तोंडापर्यंत घेऊन आले आणि तिथंच निंबाखाली थांबले. प्रभाकरराव एकटेच आत आले. त्यांनी सगळ्यांत वडीलधारी बाई कोण म्हणून विचारलं. लोकांनी तानाबाईचं घर दाखवलं.

त्यांनी तिला आई म्हटलं. पांढऱ्या कपड्यातला माणूस तिला आई म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. ती विरघळलीच. झिऱ्याचं पाणी, विहीर, वरून ओतणं कसं बंद झालं, सगळं तिनं सांगितलं. प्रभाकरराव ऐकत राहिले, मधूनच डोळे मिटून मान हलवत राहिले. विहिरीचं मी बाबारावांशी बोलतो, म्हणाले. तानाबाईचा मुलगा प्रेमदास दाराशी उभा होता. त्याला पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत लागायचं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, तिथं माझी ओळख आहे, शब्द टाकतो.

मग तानाबाई त्यांना जेवायला थांबा म्हणाली. घरात पीठ नव्हतं. शेजारच्या धुरपताकडून ज्वारीचं पीठ आणलं, अंबाडीची भाजी केली, जवसाची चटणी वाटली. ती करत असताना अख्खा पुरा तिच्या दारात जमला होता. धुरपता तर चुलीजवळच येऊन बसली होती, भाकर करपू नये म्हणून. ताट समोर आलं तेव्हा प्रभाकररावांनी त्याला हात जोडले.

"आई, आज माझा उपास आहे," ते म्हणाले. "पण हे अन्न मी सोडणार नाही. बांधून द्या. उद्याचं पारणं तुमच्याच हातच्या भाकरीनं करीन."

तानाबाईनं नव्या लुगड्याचा पदर फाडला. ते हिरवं लुगडं प्रेमदासच्या लग्नात नेसायचं म्हणून तिनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. भाकर, भाजी, चटणी त्यात घट्ट बांधून दिली. प्रभाकररावांनी ते गाठोडं कपाळाला लावलं. धुरपताच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी तानाबाई बाबारावांच्या वावरात निंदायला निघाली. त्यांच्या घरावरून जाताना तिला आतली पंगत दिसली. पाटावर प्रभाकरराव बसले होते आणि बाबारावांची सून त्यांच्या पुरणपोळीवर तूप वाढत होती. ते नको नको म्हणत होते आणि ती वाढत होती. तानाबाईनं बघितलं आणि ती पुढं गेली. असेल काही, तिनं मनाशी म्हटलं. मोठ्या घरचा आग्रह, मोडवला नसेल. एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल वाईट मनात आणायला तिचा जीव तयार नव्हता.

संध्याकाळी ती नाचणगावच्या रस्त्यानं परतत होती. नाल्यावरच्या पुलियाजवळ एक कुत्रं काहीतरी हुंगत होतं. ती जवळ गेली तर चिखलात तिची भाकर पडलेली. भाजी पसरली होती, मुंग्या लागल्या होत्या. कुत्र्यानं भाकरीचा एक लचका तोडला होता आणि चटणीला तोंड न लावता ते बाजूला झालं होतं. हिरवं फडकं पलीकडे काट्याला अडकलं होतं. तिनं ते काढून घेतलं. घरी आणून दगडावर धुतलं. कितीतरी वेळ धूत राहिली.

 तिसऱ्या दिवशी तिनं प्रेमदासला सांगितलं. तो म्हणाला, जीपमधून पडली असन, माय. तानाबाई म्हणाली की पडलेल्या गाठोड्याची गाठ सुटत नाही, ती हातानं सोडलेली होती. प्रेमदासनं मान खाली घातली. त्याला डेपोत लागायचं होतं.

गांधीजयंतीच्या सकाळी बाबारावांचा निरोप आला की पुऱ्यातल्या सगळ्यांनी रेडिओ ऐकायला यायचं आणि या खेपेला आत अंगणात बसायचं. विकास खात्याचे साहेब स्वतः बघायला येणार होते. गावकऱ्यांसाठी सतरंज्या टाकल्या होत्या. बौद्धपुऱ्यासाठी एका कडेला ताडपत्री होती, आणि सतरंजी नि ताडपत्री यांच्यामध्ये एक बैलगाडी जाईल इतकं अंतर होतं. तरी लोक खूश होते. भिंतीच्या आत बसायला मिळालं हेच पुष्कळ वाटत होतं.

भाषणांना सुरुवात झाली. सूतकताईवर एक झालं. मग संडासाच्या चरांवर एक झालं, त्यातला माणूस इतक्या पुस्तकी भाषेत बोलत होता की संडास हा शब्द कानी येईपर्यंत लोकांना ते भजनच वाटलं. मग एका बाईंनी खेड्यातल्या स्त्रियांनी काय खावं ते सांगितलं. रोज दूध घ्यावं, ऋतुमानाप्रमाणे फळं घ्यावीत, जेवण घाईघाईनं करू नये. धुरपता बसल्या बसल्या झोपली. पुन्हा एक भाषण, आणि पुन्हा एक. प्रत्येक आवाजात तोच मऊपणा, जणू सगळ्यांनी मिळून एकाच मधाच्या बरणीत बोट घातलं होतं. तानाबाई सकाळी दोन वेळा "हो बापा" म्हणाली. नंतर नाही म्हणाली. दुपारी साहेब आत जेवायला गेले आणि गडी फुटाण्यांची टोपली घेऊन ताडपत्रीकडे आला. हाताला हात लागू नये म्हणून त्यानं वरूनच मुठी सोडल्या. काही फुटाणे ओच्यात पडले, काही मातीत. पेटीतून त्या वेळी कोणीतरी सांगत होतं की आता देशात कोणी कोणाहून खालचा राहिला नाही. माणसं मातीतले फुटाणे वेचत ते ऐकत होती. तानाबाईनं आपले फुटाणे धुरपताच्या पदरात टाकले.

ऊन उतरलं तेव्हा प्रभाकररावांचं भाषण लागलं. आवाज ओळखताच बाबारावांनी पेटीचा कान पिळून आवाज मोठा केला आणि साहेब सावरून बसले. प्रभाकरराव म्हणाले की आज मी तुम्हाला पिंपळधरा नावाच्या एका खेड्याची गोष्ट सांगणार आहे. अंगणात एकदम खळबळ झाली. आपल्या गावाचं नाव पेटीतून आलं, याचं लोकांना कोण अप्रूप. मग तानाबाईचंही नाव आलं आणि सगळ्या माना ताडपत्रीकडे वळल्या. धुरपतानं तिला कोपर मारलं.

प्रभाकरराव सांगत होते की ही अडाणी माउली मला बघताच माझ्या पायांवर कोसळली, माझे पाय तिच्या आसवांनी भिजले. तानाबाई कोणाच्या पायांवर कोसळली नव्हती. मग त्यांनी सांगितलं की मी तिच्या चुलीपुढे बसलो आणि तिच्या हातची भाकर खाल्ली. "श्रोतेहो," ते म्हणाले, "अंबाडीची ती आंबट भाजी, जवसाची ती चटणी. मोठमोठ्या पंगतींत बसलो आहे मी, पण ती चव अजून माझ्या जिभेवर आहे." आणि शेवटी त्यांनी सांगितलं की माझ्या विनंतीवरून गावच्या बाबारावांनी स्वतःच्या हातानं मोठ्या विहिरीचं पाणी शेंदून त्या माउलीच्या घागरीत घातलं, आणि आज ती विहीर सर्वांना मोकळी आहे.

 नुसतं खोटं असतं तर तानाबाईनं सोसलं असतं, खोटं तिनं जन्मभर ऐकलं होतं. पण हा माणूस ती भाकर चाखत होता. चिखलातली, मुंग्या लागलेली, कुत्र्यानं टाकलेली भाकर साऱ्या मुलखासमोर मिटक्या मारत खात होता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

ती उठून उभी राहिली आणि नेहमीसारखी पेटीशीच बोलली. "खोटं हाय ते. माही भाकर तुमी पुलियापाशी फेकली. कुत्र्यापुढं."

पेटी पुढं बोलत राहिली. सतरंजीवरचे काही जण हसले, म्हातारी रेडिओशी भांडून राह्यली म्हणून. साहेबांनी बाबारावांना विचारलं की ती बाई काय म्हणते आहे.

"भरून आलं तिले, साहेब," बाबाराव म्हणाले.

साहेबांनी समजुतीनं मान हलवली. प्रेमदासनं आईचा हात धरला. "बस ना व माय," तो हळूच म्हणाला. "साहेब पाहून राह्यले." तिनं त्याच्याकडे बघितलं. पोरगा घाबरला होता, आणि घाबरण्याहून वाईट म्हणजे त्याला तिची लाज वाटत होती. तिनं हात सोडवून घेतला आणि ती अंगणातून बाहेर पडली. ओकायला गेली असेल, असं धुरपताला वाटलं.

ती घरी गेली. पाण्याचा गुंड घेतला, दोर घेतला, आणि त्याच रस्त्यानं परत आली. भिंतीपाशी न थांबता ती मोठ्या विहिरीवर चढली. जन्मात पहिल्यांदा. आत प्रभाकररावांचं भाषण आटोपत होतं. विहिरीवरच्या चाकाची करकर ऐकून सगळे वळले. बाबाराव ओसरीवरून उठले आणि दोन पायऱ्या उतरले. सतरंजीवरची दोनतीन तरणी माणसंही उठली होती.

तानाबाईनं दोर ओढता ओढताच त्यांना विचारलं, "काऊन उठले पाटील? आताच तं सांगतलं रेडिओत, का तुमीच मले भरून देल्लं. आज मी माह्या हातानं भरून राह्यली."

बाबाराव जागच्या जागी थांबले. साहेब त्यांच्या मागेच येऊन उभे होते आणि खुशीत होते. त्यांना वाटलं, हे मुद्दाम त्यांना दाखवायला ठेवलेलं आहे. छान, फार छान, ते म्हणाले, आणि बाबारावांच्या पाठीवर त्यांनी थाप दिली. बाबारावांना हसावं लागलं. तसं हसू तानाबाईनं पुन्हा कोणाच्या तोंडावर बघितलं नाही. उठलेली तरणी माणसं बाबारावांकडे बघत बघत खाली बसली.

धुरपता आधी उठली. मग एकेक करून पुऱ्यातल्या साऱ्या बाया घागरी आणायला गेल्या. दिवस मावळेपर्यंत चाक करकरत होतं.

पुऱ्यात त्या संध्याकाळी सण झाला. लोक तानाबाईच्या दारात येऊन तिला शाबासकी देत होते. तिनं गुंडातलं पाणी तांब्यात ओतलं, तोंडाला लावलं, आणि ते तिच्या घशाखाली उतरेना. पाण्यात काही वाईट नव्हतं. गार होतं, गोड होतं. पण ते तिला मिळालं होतं त्या माणसाच्या खोट्यावर उभं राहून. आधी सगळ्यांसमोर ते खोटं आहे म्हणाली, आणि मग तेच खोटं हातात धरून विहिरीवर चढली. ती भाकर त्यानं खाल्ली हे जणू तिनंच कबूल करून टाकलं होतं. याचीच तिला शिसारी आली. धुरपताला तिनं हे सांगून बघितलं. धुरपता म्हणाली, पाणी भेटलं ना बाई, मंग कायले उकरतं. तिचंही बरोबरच होतं. नाल्यातलं लाल पाणी तीही दोन वर्षं प्याली होती.

रेडिओवर सांगून झालेलं होतं, म्हणून बाबारावांना उघड काही करता येईना. दिवाळीपर्यंत बाया विहिरीवर जात राहिल्या. मग एका सकाळी चाक ओढलं तर बादलीतून घासलेटाचा वास आला. पाण्यावर रंगीत तवंग फिरत होता. कोणी टाकलं ते गावात सर्वांना ठाऊक होतं, तोंडातून मात्र कोणी काढलं नाही. आता बाबारावांच्या घरीसुद्धा नाचणगावाहून गाडीनं पाणी येऊ लागलं. सगळ्या गावाचं पाणी नासलं तरी चालेल, पुऱ्यातल्यांचा हात लागायला नको, इथवर माणसं गेली. तानाबाई विहिरीच्या काठावर उभी राहून तो तवंग बघत होती. मेलेल्या बैलाच्या डोळ्यावर साय येते, तसा तो दिसत होता. ती खाली उतरली आणि पुन्हा नाल्यावर गेली.

थंडीत प्रभाकरराव पुन्हा आले. त्यांचं भाषण फार गाजलं होतं, गावोगावच्या सभांतून त्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं होतं. आता रेडिओवर खुद्द तानाबाईनं बोलावं असं त्यांच्या मनात होतं. काय बोलायचं ते मी लिहून देईन, तुमच्याकडून पाठ करून घेऊ, म्हणाले. विहिरीतल्या घासलेटाची हकीकत त्यांनी बाबारावांकडून ऐकली होती, आणि चुकून डबा सांडला यावर त्यांचा विश्वास बसला होता.

तानाबाईनं त्यांना एवढंच विचारलं, "माही भाकर कशी लागली तुमाले?"

प्रभाकररावांचे डोळे ओलावले. ते अंबाडीच्या भाजीबद्दल बोलू लागले. तानाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यात लबाडी शोधत होती, ती तिला सापडेना. इतक्यांदा सांगून सांगून त्यांनी ती भाकर खरोखर खाल्ली होती. मग तिनं पुलिया, चिखल, कुत्रं, सुटलेली गाठ, सगळं त्यांना सांगितलं. ते कुठंही न रागावता ऐकत राहिले आणि तिचा हात हातात घेऊन थोपटत म्हणाले, "आई, वय झालं तुमचं. काहीतरी भास झाला असेल."

तानाबाईनं हात काढून घेतला. ती आत गेली, रांजणातलं पाणी घेतलं आणि त्यांच्या देखत कोपरापर्यंत हात धुऊ लागली. प्रभाकररावांना वाटलं, ती भाकरी करायला बसते आहे. आज मात्र घाई आहे हो आई, असं म्हणत ते उठले. ती हात धूतच राहिली. जीप गेल्यावर दारातल्या माणसांना तिनं सांगितलं की मी कुठं बोलायला जाणार नाही.

डेपोत टाकायचा शब्द कधी टाकला गेला नाही. प्रेमदास वर्षभर वाट बघून हिंगणघाटला गेला आणि कापसाच्या एका जिनिंगमध्ये आपल्या पायांनी जाऊन लागला. जायच्या आदल्या दिवशी तो आईजवळ येऊन बसला. त्या दिवशी मी तुहा हात धरायले नव्हता पाह्यजे, म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिकडे जेवणाची काय सोय हाय ते विचारलं.

त्याच्याआधी, घासलेटानंतरच्या उन्हाळ्यात, पुऱ्यानं आपली विहीर खोदायला काढली. जागा खडकाळ होती. पुरुष पहारी मारायचे आणि बाया टोपल्या वाहायच्या. तानाबाई सगळ्यांच्या आधी यायची आणि ओरडून ओरडून माणसं जमवायची. लोक म्हणायचे की भादव्यापासून जी गप्प झाली होती, ती आता कुठं पहिल्यासारखी झाली. मृगाच्या जरा आधी पाणी लागलं. जरा मचूळच होतं. धुरपतानं चूळ भरून तोंड वाकडं केलं आणि मोठ्या विहिरीच्या पाण्याची आठवण काढली. तानाबाई काठावर बसून दोन तांबे प्याली, पदरानं तोंड पुसलं, आणि खुरपं घेऊन वावराकडे निघाली.